देवाला विचारून सांगते

आष्टी, ६ जानेवारी २०२५

समाधान,

'जय भीम' लिहावं तर तू म्हणशील, तुला आता काय हक्क. ख्रिस्ती लोकांचा 'सलाम' लिहावा तर वाचायच्या आधीच कागद फाडशील. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तुझं नाव मीच ठेवलं होतं, आईला विचार.

फोन लावून लावून थकले. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, आणि तुझ्या चैतालीनं तिचा फोन पुढं केला तर तू हात लावत नाहीस म्हणे. मग पोस्टाशिवाय राहिलं काय? अंगणवाडीतल्या बायका हसल्या मला, आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून. हसू दे.

आई काल येऊन गेली. घाटनांदूरहून एसट्या बदलत आली, हातात बोरांची पिशवी. अंजूला बोरं दिली, पाणी प्यायली, आणि पोरगी खेळायला गेल्यावर म्हणाली, "पंचे, समाच्या दोन्ही किडन्या गेल्या." मला वाटत होतं तुला नुसतं बीपी आहे. परळीच्या थर्मल वीजकेंद्रातल्या कामात जागरणं होतात, डोकं दुखतं, एवढंच कानावर आलं होतं. तू अंबाजोगाईला डायलिसिसला जातोस हे मला आईकडून कळावं, तेही इतक्या उशिरा?

ती म्हणाली, चैतालीचं रक्त जुळत नाही, तिची स्वतःची शुगर वाढलेली, डॉक्टर तिला हात लावंनात. "आता तूच हाइस."

मी काय म्हणाले ते तुझ्या कानावर गेलं असेलच. मी म्हणाले, देवाला विचारून सांगते.

आईनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "तू त्याला कडंवर घिऊन गावभर हिंडायचीस, तवा कुणाला इचारायचीस गं?" चहा तसाच ठेवून निघून गेली. स्टँडवर सोडायला गेले तर पार गाडी हलेपर्यंत माझ्याकडं पाठ करून बसली.

तुला वाटत असेल ही टाळायला देवाचं नाव पुढं करतेय. ऐकून तरी घे. अंजूच्या वेळी माझं पोट कापलं तेव्हा भूल नीट बसलीच नव्हती. हातपाय गेले होते, श्वास घेता येत नव्हता, पण कानांना सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर जेवणाच्या डब्याबद्दल बोलत होते. मी आतल्या आत ओरडत होते आणि कुणालाच कळत नव्हतं. तेव्हा मी म्हणाले, जो कुणी असशील तो अस, मला पोरीपाशी पोचव, हे शरीर तुझं. आणि पोचले. सासूबाई त्या वेळी बाहेर गुडघ्यावर बसून प्रार्थना करत होत्या हे मला नंतर समजलं. तुम्ही सगळे म्हणता संजयनं मला बाटवलं. अरे, संजयला माझ्या बाप्तिस्म्याची तारीखसुद्धा आठवत नाही. तो रविवारी दूध डेअरीवरून उशिरा येतो आणि चर्चमध्ये मागच्या बाकावर झोपतो.

म्हणून विचारायचं म्हणते. जे एकदा त्याला देऊन टाकलं त्यातलं काढून तुला द्यायचं, तर त्याला विचारायला नको? आणि भीती वाटते, समाधान. खोटं कशाला लिहू? परत त्या टेबलावर झोपायचं म्हणलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

आणखी एक सांगते, मनात ठेवून काय करू. बाबा गेले तेव्हाच्या पुण्यानुमोदनाच्या बॅनरवर 'शोकाकुल'च्या खाली चुलत, मावस सगळ्यांची नावं होती. गल्लीतल्या किराणावाल्याचं होतं. माझं नव्हतं. तू म्हणालास, बाबासाहेबांनी आपल्याला देवांच्या तावडीतून सोडवलं आणि ही पुन्हा जाऊन बसली. बाबासाहेबांचा फोटो माझ्याही भिंतीवर आहे, तुला माहीत नसेल. मी त्या बॅनरखाली बसून गुमान जेवले होते. आणि आज माझी किडनी पाहिजे तुम्हाला!

हे लिहायला नको होतं. पण खोडत नाही.

नव्या वर्षाच्या रात्री आमच्या चर्चच्या मंडळीत बायबलच्या वचनांची पेटी फिरते. प्रत्येक घरानं एक कार्ड उचलायचं, ते त्या घराचं वर्षाचं वचन. माझ्या कार्डात शत्रूंचा नाश निघाला. आता मला शत्रू म्हणून कोण आठवणार? तूच आठवलास. हसायला आलं आणि मग तिथंच रडायला आलं.

थोडे दिवस दे. विचारते आणि कळवते.

पंचशीला

आष्टी, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय समाधान,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं तरी पोस्टमनची वाट बघत होते.

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तू म्हणायला नको की बहीण हातावर हात ठेवून बसली. आमचे पास्टर युवराज, वयानं माझ्याहून लहान आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, दोन्ही गोष्टी देवापुढं ठेवा. ज्या बाजूला मनाला शांती मिळंल तिकडं त्याची इच्छा असती." मी ठेवल्या. 'देते' म्हणलं की ते ऑपरेशनचं टेबल आठवायचं. 'नाही देत' म्हणलं की तू डोळ्यांपुढं उभा राहायचास, ढुंगणावर फाटलेली खाकी चड्डी घालून. शांती कुठंच नाही.

मग खुणा मागितल्या. देवाला म्हणलं, तुझी इच्छा 'हो' असेल तर उद्या पहिला फोन बाईमाणसाचा येऊ दे. सकाळी फोन आला, बाईच होती, पण कंपनीची. तुमचा रिचार्ज संपत आलाय म्हणाली. आता ही बाई धरायची का सोडायची? संजयला विचारलं तर म्हणाला, तुला येड लागलंय.

संजयचं म्हणणं सरळ आहे. "उद्या तुला काय झालं तर अंजूला कोण बघणार? तुझा भाऊ? त्यानं कधी तिचं तोंड तरी बघितलंय का?" खरं आहे, तू बघितलेलं नाहीस.

शेवटी साखराबाईंनी मार्ग दाखवला. साखराबाई आमच्या महिला प्रार्थनेच्या पुढारी, लई खमकी बाई. म्हणाल्या, "तीन दिस निर्जळी बस. पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाई. मग बघ देव कसा बोलत न्हाई ते." बसले. शुक्रवार, शनिवार, रविवार. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, ओठ फुटले, लघवी जवळजवळ बंदच झाली. साखराबाई म्हणाल्या, सैतान आडवा येतोय, उठू नकोस. सोमवारी पहाटे त्याच तोंडानं संभाजीनगरला आधीच ठरलेल्या तपासणीला निघाले. गाडीत दोन घोट पाण्यानं उपास सोडला आणि तेही ओकून टाकलं.

दवाखान्यात रक्त घेणाऱ्या पोरीनं विचारलं, "उपाशी पोटी आलात ना?" मी म्हणलं, हो बाई.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलं. रिपोर्ट चांगला नाही म्हणाले. क्रिएटिनिन वाढलेलं आहे, लघवीतून प्रथिनं जातायत. आकडे पेनानं गोल करून दाखवले. "असं असेल तर तुमच्याकडून घेता येणार नाही. तुम्हीच स्वतःला जपा." पुढंही काहीतरी बोलले, परत तपासू वगैरे, पण माझं लक्ष नव्हतं. मी खुर्चीतच डोळे मिटले होते.

देव बोलला, समाधान. इतकं स्पष्ट मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं त्यानं. मी विचारलं आणि चौथ्या दिवशी कागदावर उत्तर आलं, नाही म्हणून. मला वाईट वाटतंय, तुझ्यासाठी लई वाईट वाटतंय, पण त्याच्या इच्छेपुढं मी कोण? घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. चपात्या लाटताना गाणं म्हणत होते, तर सासूबाई म्हणाल्या, आज सूनबाईला काय झालं. पास्टर म्हणतात ती शांती हीच असणार.

आज मंडळीत उभं राहून साक्ष दिली. उपासात देवानं मार्ग कसा दाखवला ते सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साखराबाईंनी मिठी मारली. तुझ्यासाठी दुसरा कुणी दाता मिळावा म्हणून अख्ख्या मंडळीनं प्रार्थना केली. तुझं नाव घेऊन केली.

आईला मी फोन केला होता. तिनं फोन ठेवून दिला. तू तरी मला दोष देऊ नकोस.

तुझी,
आक्का

आष्टी, १९ फेब्रुवारी २०२५

समा,

आईचा फोन आला. तुझ्या छातीत पाणी झालं आणि तुला अंबाजोगाईत आयसीयूत ठेवलंय म्हणाली. नाकाला मास्क लावलाय आणि झोपू शकत नाहीस, बसूनच राहतोस. हे पत्र तुला कधी मिळेल, कोण वाचून दाखवेल, माहीत नाही. तरी लिहिते. न लिहिता राहिले तर माझं डोकं फुटेल.

संभाजीनगरहून करिष्मा मॅडमचा फोन आला होता. त्या दवाखान्यात दात्यांच्या तपासण्यांचं बघतात. म्हणाल्या, "तुमचा सोनोग्राफीचा रिपोर्ट एकदम चांगला आहे, मग रक्ताचा असा का यावा हे डॉक्टरांना पटत नाहीये. त्या आठवड्यात जुलाब, उलट्या, ताप असं काही झालं होतं का? पाणी कमी पडलं तरी असे आकडे येतात. उपास-तपास काही होता का?"

मी म्हणलं, नाही.

तोंडातून निघालं आणि फोनही ठेवून झाला. त्या बिचाऱ्या 'बरं' म्हणाल्या. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते, हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. एक पोरगी म्हणाली, बाई, वाढा ना.

मला कळलं होतं रे. त्यांनी 'पाणी' म्हणलं तेव्हाच कळलं. देवानं काही लिहिलं नव्हतं त्या कागदावर, ते माझ्याच तीन दिवसांच्या कोरड्या घशानं लिहिलं होतं. आणि मी ते हातात धरून मंडळीत नाचले. ती शांती नव्हती, समा. परीक्षेच्या दिवशी शाळेला सुट्टी मिळाल्यावर पोराला होतो तसला आनंद होता तो. तुझा जीव जायची वेळ आलीय आणि मी चपात्या लाटत गाणी म्हणत होते!

तरी मन काय काय म्हणतं ऐक. म्हणतं, उपासाची बुद्धी देवानंच दिली असेल. नेमका तपासणीच्या तोंडावरच उपास का पडावा? त्यालाच मला वाचवायचं असेल, अंजूसाठी ठेवायचं असेल. असं म्हणलं की जरा बरं वाटतं. मग वाटतं, हे बरं वाटणंच खोटं आहे. मग वाटतं, मी स्वतःला फसवत नसेन तर? खरंच त्याची इच्छा असेल तर? कसं ओळखायचं? कोण सांगणार मला? माझ्या डोक्यात बोलणारी मी कुठली आणि तो कुठला, हे मला कळेनासं झालंय.

काल डेअरीच्या मागं, कॅन धुतात तिथं कुणी नव्हतं, तिथं जाऊन ओरडले मी. म्हणलं, तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण मला खोट्या खुणा कशाला देतोस? आणि त्या तू देतोस का मीच तयार करते ते तरी सांग! वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत येशूनंही बापाला 'हे टळू दे' म्हणलं होतं, तर मी कोण मोठी लागून गेले? पण तो उठून गेला होता. मी उठत नाही.

संजयला हे सांगितलेलं नाही. पास्टरांना सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुलाच लिहितेय, का ते मला माहीत नाही. लहानपणी काही फुटलं की तू मला येऊन सांगायचास, आईच्या आधी.

मरू नकोस. मला करिष्मा मॅडमला फोन करायला जरा वेळ दे. आज हिंमत होत नाही. मी भित्री आहे, समा. तुझी आक्का लई भित्री आहे.

पंचशीला

आष्टी, १७ मार्च २०२५

समा,

तू घरी आलास हे चैतालीनं कळवलं. पत्रं तिनं तुझ्या उशाशी ठेवलीत म्हणाली, वाचलीस की नाही ते सांगत नाही. तू फाडली नाहीस एवढं तरी कळलं.

मी करिष्मा मॅडमला फोन केला. म्हणलं, मी खोटं बोलले होते, तीन दिवस पाणीही प्यायले नव्हते. मग म्हणाल्या, "अहो ताई, कावून असं केलं?" मला वाटत होतं ही शहरातली बाई आहे, पण आपल्याकडचीच निघाली. म्हणाल्या, भरपूर पाणी प्या, नीट जेवा आणि परत या.

त्याआधी रविवारी मंडळीत उभी राहिले. जिथं साक्ष दिली होती तिथंच. म्हणलं, मागं दिलेली साक्ष मी परत घेते, ती खोटी होती. देवानं नाही म्हणलेलं नाही. मी पाणी प्यायले नाही म्हणून रिपोर्ट बिघडला, आणि विचारल्यावर मी लपवलं. कुणी टाळी वाजवली नाही. बाकावर कुणीतरी खोकलं तेवढंच. साखराबाई तोंड फिरवून बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "उपासाला नावं ठिवू नको, पंचशीला. देवाचा इटाळ करतीस तू." मी म्हणलं, उपासाला कोण नावं ठेवतंय, मी मला ठेवतेय. त्या दिवसापासून बोलत नाहीत. आठवड्याच्या प्रार्थनेला मला निरोपही येत नाही.

पास्टर युवराज घरी आले. मला वाटलं आता समजावणार. ते चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "ताई, शांती बघा म्हणून मीच सांगितलं व्हतं. मला काय ठावं, शांती अशी पण असती. माझं चुकलं." एवढा शिकलेला माणूस असं म्हणाला. मी विचारलं, मग आता कसं ओळखू? ते म्हणाले, "मला न्हाई माहीत. मी तुमच्यासंगट दवाखान्यात येतो, एवढंच मला जमंल." आणि आले. संभाजीनगरला दिवसभर बाकावर बसून राहिले.

रिपोर्ट चांगला आला, समा. सगळे आकडे जागेवर. रक्त जुळलं, पुढच्या तपासण्याही जुळल्या. डॉक्टर म्हणाले, सख्खं भावंड, यापेक्षा चांगला दाता मिळायचा नाही.

संजयची सही लागत होती. त्याला सगळं सांगितलं तेव्हा भांडला, ताट सरकवून उठला. सासूबाई म्हणाल्या, "संज्या, ती मेली तर तू रडशील, आन तिचा भाऊ मेला तर ती जलमभर रडंल. तुला कोणतं बघवंल ते बघ." त्यानं दवाखान्यात सही केली, बाहेर जाऊन गाडीत बसला, चहा घेतला नाही. येताना घाटात गाडी थांबवून रडला. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

आता तू विचारशील, देव बोलला का? नाही. अजून गप्प आहे. रोज सकाळी विचारते, रोज गप्प. रात्री झोप लागली की त्या टेबलावर असते आणि कुणीतरी डब्याबद्दल बोलत असतं. करिष्मा मॅडमनी भूल देणाऱ्या डॉक्टरांशी भेट घालून दिली. ते म्हणाले, तुमच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. तरी भीती जात नाही. जाणार नाही असं दिसतं.

पण मी येतेय. एवढं धरून चाल.

आक्का

परळी, १२ एप्रिल २०२५

समा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. मी तुझ्या घराच्या पायऱ्यांवर बसलेय आणि तू आत आहेस. खाली पोरं जयंतीचे निळे झेंडे बांधतायत, स्पीकर लावून बघतायत, बाहेरून हाक मारली तरी तुला ऐकू जायचं नाही. चैतालीकडून कागद मागून घेतला. आई आत नेऊन देईल.

परवा चैतालीचा फोन आला, "ताई, हे नको म्हणत्यात. डॉक्टरला सांगून आले." मला वाटलं तुझी तीच जुनी अढी, ख्रिश्चन बाईची किडनी नको. मी रागानं लालबुंद होऊन गाडीत बसले, तुला काय काय बोलायचं ते घाटभर ठरवत आले. आणि इथं आल्यावर आईनं सांगितलं तू काय म्हणालास ते.

म्हणालास, "चारी पत्रं वाचली मी. पानापानावर तिनं लिवलंय, भ्या वाटतंय, भ्या वाटतंय. अशा भ्यालेल्या बाईचं काढून घिऊन मी जगू व्हय? तिला पोरगी हाय. ऱ्हाऊ द्या."

म्हणजे तू वाचलीस. सगळी वाचलीस. आणि माझ्याच पत्रांनी घात केला. मूर्खा, तुला कुणी सांगितलं होतं इतकं नीट वाचायला?

मी स्टँडवर परत गेले होते, समा. आईनं हे सांगितल्यावर उठले आणि चालत निघाले. म्हणलं, झालं, आता खरंच सुटले. यात माझी काही लबाडी नाही, उपास नाही, लपवाछपवी नाही, घेणाराच नको म्हणतोय. याहून सरळ 'नाही' देव तरी कुठून आणणार? जानेवारीपासून मी हेच मागत होते ना? आष्टीकडं जाणारी गाडी लागलेली होती, जागा होती, कंडक्टर म्हणाला, चला बाई. मी पायरीवर पाय ठेवला आणि मला असं रडू फुटलं की लोक गोळा झाले. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. एका म्हातारीनं विचारलं, कोण गेलं गं बाई? मी म्हणलं, अजून कुणी गेलं नाही.

त्या वेळी रिपोर्ट वाईट आला तेव्हा मी गाणं म्हणाले होते. या वेळी खरी सुटका झाली आणि मी गाडीच्या पायरीवर उभी राहून रडले. मला सुटका नकोय, समा. हे मला त्या पायरीवर कळलं. देवाचा आवाज असाच असतो का, हे मी आता छातीठोकपणे सांगणार नाही, एकदा सांगून तोंडावर पडलेय. मी गाडीत चढले नाही एवढंच खरं.

आणि भीतीचं म्हणशील तर, हो, वाटते. आत्ता लिहितानाही वाटतेय. टेबलावर झोपवतील तेव्हाही वाटेल. लहानपणी तू विहिरीत पडलास आणि मी तुला बाहेर काढलं, तेव्हा मी काय हसत उतरले होते? तू भित्री बहीण म्हणून माझ्यावर दया करू नकोस. तुझी दया मला नको. बॅनरवर नाव घातलं नाहीस तेव्हा केली नाहीस, आता कशाला?

तुला उठून बसता येतं ते चैतालीनं सांगितलं. मी खिडकीतून तुझे पाय बघितले, सुजलेत. मला राग येतोय आणि तुझ्या पायांना तेल लावावंसं वाटतंय, दोन्ही एकाच वेळी. आई आत-बाहेर करतेय, तिला कळेना कुणाच्या बाजूनं बोलावं. म्हणते, तुम्ही दोघंबी बापावर गेलाव.

मी देवाला विचारलं. पास्टरांना विचारलं, साखराबाईंना, संजयला. पेटीतल्या कार्डाला विचारलं, कंपनीच्या बाईच्या फोनला विचारलं, तीन दिवस उपाशी राहून विचारलं. आणि चार पत्रांत तुला काय काय ऐकवलं, पण ज्याला द्यायची त्याला एकदाही विचारलं नाही. आईनं माझ्याकडं मागितली, मी देवाकडं धावले, आणि तू मध्येच राहिलास. तू कधी तोंडानं मागितली नाहीस आणि मी कधी तोंडानं देते म्हणलं नाही.

म्हणून आता विचारते, भावा. भीत भीत विचारते.

माझी किडनी घेशील का?

मी इथंच पायऱ्यांवर आहे.

आक्का